मदत हवी आहे: गेलेल्या मुलांचे आवाज जपायचे आहेत

मेंदूच्या कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी आवाजांचा संग्रह करतो आहोत. मेंदूच्या देठात गाठ असेल तर बोलणं अडखळत जातं, म्हणून आईवडील आजाराआधीची रेकॉर्डिंग आधी शोधतात. नंतरचीही कुणी पुसू नयेत. आज ऐकवत नाहीत, पुढे हवीशी वाटू शकतात.

व्हॉट्सॲपचे आवाज ओपस फाइलमध्ये असतात. मूळ फाइलला हात न लावता वेव्ह प्रत (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) काढतो, कारण एमपी३ पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी दर्जा घसरतो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि हो, मुलाचं सिम लगेच बंद करू नका. त्याचं व्हॉट्सॲप पुन्हा उघडायचा ओटीपी त्यावरच येतो.

अडकलोय ते इथे: हॉस्पिटलमधल्या व्हिडिओंत मॉनिटरची टीं-टीं आवाजावर चढते. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की मुलाचा आवाजच पत्र्यासारखा होतो. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या पट्ट्या दाखवणाऱ्या चित्रात) फक्त तेवढीच पट्टी हाताने पुसून कुणी साफ केलंय का? बोलण्याच्या मधोमध टीं आली तर काय करता?

दुसरं, लहान भावंडांना हे कधी आणि कसं ऐकवावं? समुपदेशन करणाऱ्यांनी जरूर सांगा.