चर्चा: वस्तीत सगळे फौजी जिवंत, मग उलट्या बंदुकीचा स्तंभ कशाला?

वर्धा_रोड: आमच्या वस्तीत (नागपुरात, मानेवाड्याकडे) वर्गणी गोळा होऊन राहिली. चौकात स्तंभ, वर उलटी बंदूक, बंदुकीवर हेल्मेट, खाली ग्रॅनाइटवर वस्तीतल्या माजी सैनिकांची नावं. मी विरोध केला, तेव्हापासून लोक वाकड्या नजरेनं बघतात.

अरे, उलटी बंदूक ही युद्धात गेलेल्याची खूण. आमच्या यादीतले अकराच्या अकरा रोज सकाळी दूध आणायला जातात!

शेजारचे काका १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर एएससीत (सैन्याला रसद पोहोचवणारा विभाग) ड्रायव्हर होते. त्यांचं 'पूर्वी स्टार' (त्या आघाडीचं पदक) सुपारीच्या डब्यात, अडकित्त्याखाली. परवा सहज विषय काढला तर फौजी गाडीचा नंबर एका दमात सांगितला, आधी बाण (सैन्याच्या नंबरप्लेटवर असतो तो), मग आकडे. वय पंच्याहत्तरीपार. माझं म्हणणं, वर्गणीतून एकेकाजवळ बसून रेकॉर्डिंग करा, डिस्चार्ज बुकाची (निवृत्तीवेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेची) प्रत काढा. दगडाला काय घाई आहे?

तर्री_पोहे: नाही पटलं भाऊ. रेकॉर्डिंग कोणाच्या तरी मोबाइलमध्ये राहते, मोबाइल बदलला की गेलं. दगड राहते. सीताबर्डीच्या किल्ल्याखालून आपण रोज जातो. तिथली १८१७ ची इंग्रज-भोसल्यांची लढाई किती जणांनी वाचली? पण किल्ला दिसते म्हणून पोरगं विचारते तरी.

वर्धा_रोड: अन् पोरानं विचारल्यावर तू काय सांगतो?

तर्री_पोहे: 'आईले विचार' म्हणतो. तो मुद्दा वेगळा.

इतिहास_वाचक: दोघंही भावनेवर चाललात. आठवण म्हणजे इतिहास नव्हे. सैन्याच्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथंच कामठीला आहे, म्हणून अल्बर्ट एक्का हे नाव आपल्याकडे तरी ठाऊक असावं. १४ गार्ड्स, गंगासागर, ३ डिसेंबर १९७१, मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांनी काय केलं ते सायटेशनमध्ये (पदकासोबतच्या अधिकृत नोंदीत) लिहिलेलं आहे, म्हणून टिकलं. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीत तारखा सरकतात, ऐकलेलं अन् पाहिलेलं एक होतं. काकांना तारीख तरी आठवते का?

वर्धा_रोड: नाही आठवत. तारीख डिस्चार्ज बुकात अन् युनिटच्या कागदांत शोधता येईल. पण दिवे झाकून रात्रभर रेशन अन् गोळाबारूद पोहोचवणाऱ्या ड्रायव्हरला सायटेशन मिळत नाही. कुठल्या वळणावर गाडी फसली, ती कोणी ढकलली, हे फक्त त्याच्याच जवळ आहे. ते चुकीचं निघालं तर खाली टीप द्या. लिहूनच घेतलं नाही तर तपासणार काय?

कामठी_लाइन: मी फौजीचा मुलगा. बाबा १९६५ च्या युद्धात होते. मागच्या वर्षी दोन पोरं कॅमेरा घेऊन आली. पहिला प्रश्न, 'आजोबा, किती मारले?' बाबा उठले, आत गेले, दार लावून घेतलं. त्या दिवशी जेवलेसुद्धा नाहीत. घरात आम्हीसुद्धा त्यांना कधी विचारलं नाही, अन् तुम्ही अनोळखी पोरं पाठवणार? २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, शाल-नारळ घेऊन तीन तास खुर्चीवर बसवतात, तेही त्यांना नको असते. खरंच काही करायचं असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला स्पर्शवर (फौजी पेन्शनचं पोर्टल) भरून द्या. ईसीएचएसला (माजी सैनिकांचा दवाखाना) नेऊन आणा.

तर्री_पोहे: हे मात्र खरं आहे बाप्पा.

इतिहास_वाचक: दाखला भरणं ही सेवा झाली. स्मरण नव्हे.

कामठी_लाइन: तुम्ही एकदा त्यांच्या अंगठ्याचा ठसा मशिनीवर उमटवून दाखवा, मग बोलू.

वर्धा_रोड: कामठी_लाइनचं पटलं. कॅमेरा नको, अनोळखी पोरंही नको. मीच वही घेऊन बसतो, तेही काकांनी विषय काढला तर. बाकी आज त्यांनाच विचारलं, स्तंभ पाहिजे का. म्हणाले, 'नाव टाका, कोण नाही म्हणते? पण ती बंदूक काढा. अन् वर एक लाइट लावा, त्या चौकात रात्री कुत्रे अंगावर येतात.'

तर्री_पोहे: बंदूक काढली तर आमच्या वर्गणीचं काय? मी पाचशे देऊन बसलो.