'रोजची भाकर' की 'उद्याची'?

कूटाक्षर: 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' यातलं 'रोजची' ज्या ग्रीक शब्दाच्या जागी बसवलंय तो 'एपिऊसिओस'. बायबलमध्ये येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत दोनदा येतो (मत्तय 6:11, लूक 11:3), नव्या करारात बाकी कुठेच नाही. रोजचंच म्हणायचं तर 'एफीमेरोस' होता की. याकोब 2:15 मध्ये रोजच्या अन्नाला तोच वापरलाय. माझ्या मते अर्थ 'उद्याची'. 'एपिऊसा' म्हणजे येणारा दिवस, प्रेषितांची कृत्ये 16:11 मध्ये 'दुसऱ्या दिवशी' अशाच अर्थाने. शिवाय बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम सांगतो की इब्री लोकांच्या शुभवर्तमानात (बायबलबाहेरचं, आता हरवलेलं) इथे 'माखार' होतं, म्हणजे उद्या.

तळटीप: असहमत. मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायाच्या 34व्या वचनात 'उद्याची चिंता करू नका' आणि 11व्यात उद्याची भाकर मागायची? निर्गम 16 पाहा: वाळवंटात देवाने इस्राएलांना दिलेलं अन्न, मान्ना, रोज माणशी एक ओमर (एक माप), सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले. मी 'एपि' (साठी) + 'ऊसिया' (अस्तित्व) अशी फोड करतो, म्हणजे जगण्यापुरती. पेशित्ता या बायबलच्या प्राचीन सिरियाक भाषांतरात 'आमच्या गरजेची भाकर'च आहे.

कूटाक्षर: ती फोड व्याकरणात अडकते. स्वरापुढे 'एपि'चा 'इ' गळतो. 'ऊसिया'वरूनच 'एपूसिओदेस' हा ग्रीक शब्द झाला, 'एपिऊसिओदेस' नाही. आणि सहाव्या दिवशी माणशी दोन ओमर गोळा करायचे, दुसऱ्या, विसाव्याच्या दिवसासाठीच. त्यात नाही पडले किडे.

तळटीप: 'एपिएइकेस' (सौम्य) या शब्दात टिकलाय ना 'इ'?

कूटाक्षर: तिथे मधे जुना 'व' होता, तो नंतर झिजला. 'ऊसिया'आधी तसं काही नव्हतं.

जुनी_वही: कोणी पपायरसचा (जुन्या इजिप्ती कागदाचा) दाखला देण्याआधीच सांगतो. इजिप्तमधल्या हवारा इथल्या खर्चाच्या एका यादीत हा शब्द 1889 मध्ये वाचला गेला, त्यावरून 'रोजचा शिधा' हा अर्थ कोशांत शिरला. मग कागदच हरवला. 1998 मध्ये येल विद्यापीठात सापडला, आणि नीट वाचल्यावर तिथे 'एलाइऊ' निघालं: तेलाचे! शंभरेक वर्षं तेलाच्या हिशेबावर भाकर भाजली. जुना कोश उघडाल तर जपून. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडितानेही तिसऱ्या शतकात लिहिलंय की हा शब्द ग्रीकांच्या बोलण्यात नाही, शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो.

तळटीप: आणि कूटाक्षर, तुमच्या साक्षीदाराने, जेरोमने, आपल्या भाषांतरात काय केलं? लूकमध्ये 'कोटिडियानुम', रोजची. मत्तयात त्याच शब्दाला 'सुपरसब्स्टान्शियालेम', म्हणजे द्रव्यापलीकडची. 'माखार' माहीत असून 'उद्याची' कुठेच घातलं नाही.

कूटाक्षर: मान्य, हा मुद्दा बोचतो. पण लूककडे 'तो काथ हेमेरान', म्हणजे 'दररोज', वेगळं आहेच. एपिऊसिओसही 'रोजची' धरला तर 'रोजची भाकर रोज दे' होतं. निदान भाषांतराच्या तळटीपेत 'किंवा, उद्याची' छापा.

जुनी_वही: प्रार्थनेत तळटीप कोण म्हणतं?