मदत हवी आहे: ‘इम्प्रेसमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांसाठी सुरुवातीच्या अमेरिकी परराष्ट्र धोरणावर मराठीत टिपणं काढतेय आणि शब्दांपाशी अडलेय.

सगळ्यात छळतोय तो ‘इम्प्रेसमेंट’. ब्रिटिश आरमार भर समुद्रात अमेरिकी जहाजं अडवायचं, खलाशी ओळीत उभे करायचं आणि ‘तू आमचा पळपुटा’ म्हणत उचलून न्यायचं. १८०७ मध्ये ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेने ‘चेसापीक’ या अमेरिकी युद्धनौकेवर तोफा डागून चौघांना नेलं, तो याच वादातला प्रसंग. ‘सक्तीची भरती’ लिहिलं तर मुलांना सरकारी लष्करभरती वाटते. मला ‘वेठीला धरणं’ जवळचं वाटतं, पण परीक्षेत चालेल का?

‘एम्बार्गो’चंही तसंच. १८०७ च्या कायद्याने अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी आपल्याच जहाजांना परदेशी बंदरांत जायला मनाई केली. नुसतं ‘व्यापारबंदी’ म्हटलं की शत्रूवर घातलेली बंदी वाटते.

शिवाय राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचा, युरोपातल्या युद्धात कुणाचीच बाजू न घेण्याचा १७९३ चा जाहीरनामा: तटस्थता की अलिप्तता? ‘अलिप्तता’ म्हटलं की मुलांना थेट नेहरू आठवतात, म्हणून मी ‘तटस्थता’कडे झुकलेय. मूळ मजकुरात मात्र ‘न्यूट्रॅलिटी’ हा शब्दच नाही!

इतिहास शिकवणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही कोणते शब्द वापरता? पुढच्या आठवड्यात हा धडा घ्यायचाय.