मदत हवी आहे: नाताळच्या कामांमधून नेमके काय कमी करावे, म्हणजे लेकरांचा नाताळ हातून सुटणार नाही?

पऱ्हाटी | २ डिसेंबर २०२५

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

मी अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. घरी सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन लेकरे आहोत. गावात ख्रिस्ती घरे चारच असल्यामुळे उपासनेसाठी नऊ किलोमीटरवरच्या चर्चला जावे लागते. मुलगी नऊ वर्षांची असून जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. मुलगा पाच वर्षांचा असून तो तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जातो. (आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे एकही सिस्टर नसली तरी.) यंदा २५ तारीख गुरुवारी येत आहे. मुलीला तेवढी एकच सुटी आहे आणि शुक्रवारी पुन्हा शाळा आहे, तर मुलाला थेट १ जानेवारीपर्यंत सुटी आहे.

प्रश्न विचारण्याआधी गेल्या वर्षीचा प्रसंग सांगते, कारण माझी अडचण त्यातच आहे. २४ तारखेच्या रात्री एक वाजता मी करंज्यांचा शेवटचा घाणा तळत होते. मुलगी अंगावर चादर गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शब्बाथ शाळेच्या (चर्चमध्ये मुलांसाठी रविवारी भरणाऱ्या वर्गाच्या) नाटिकेत ती देवदूत होणार होती आणि पंखांना चिकटवलेली सोनेरी जर एका बाजूने सुटून लोंबत होती. तिने विचारले, "माय, सकाळी माहं नाटक पाहाले येशीन न?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी उपासना संपताच, नाटिका सुरू होण्याआधी, मला पाहुण्यांच्या पुऱ्यांसाठी घरी परतावे लागले. त्या दिवशी मी एकशे चाळीस पुऱ्या लाटल्या. नाटिका मी अजूनही पाहिलेली नाही, कारण ज्यांनी ती मोबाइलवर टिपली त्यांच्या चित्रफितीत पुढे बसलेल्या माणसाचे डोकेच जास्त दिसते.

यंदा परिस्थिती आणखी अवघड आहे. कापसाची दुसरी वेचणी नेमकी याच पंधरवड्यात आली आहे आणि वेचायला बाया मिळत नाहीत, म्हणून मीही शेतात जाते. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, हे खरे. परंतु कापूस विकल्यानंतर चुकारा हाती यायला जानेवारी उजाडेल असे दिसते, त्यामुळे डिसेंबरचा खर्च हातउसन्यावरच भागवावा लागणार आहे. मोठ्या जाऊबाई नागपूरहून दोन मुलांसह आठ दिवसांसाठी येत आहेत. त्या मनाने चांगल्या आहेत आणि कामालाही हात लावतात. परंतु त्यांच्या मुलांकडे प्लास्टिकचे मोठे झाड, दिव्यांच्या माळा आणि वेष्टनात बांधलेल्या भेटवस्तू असतात, आणि ते सगळे आमच्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलेले आहे. धाकट्याने सांताक्लॉजला चिठ्ठी लिहून रिमोटवर चालणारा ट्रॅक्टर मागितला आहे. मुलीने मात्र त्याच्या शाळेच्या कार्यक्रमात सांताक्लॉज झालेल्या शिपाईकाकांना चपलांवरून ओळखले होते. हे गुपित भावाला सांगू की नको, असे ती मला रोज विचारते.

यजमानांचा प्रश्न वेगळाच आहे. हरभऱ्याला पाणी सुरू आहे, शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री मिळते, आणि माझ्या हिशेबाने नाताळच्या आठवड्यात आमची पाळी रात्रीची येते. चोवीसच्या रात्री ते शेतात असतील, तर मध्यरात्रीच्या उपासनेला दोन लेकरांना घेऊन मी एकटीने कसे जावे? चिखलदऱ्याकडून येणारा वारा त्या दिवसांत अंगाला चावतो, आणि धाकटा गेल्या वर्षी दुसऱ्या गीताच्या आतच माझ्या मांडीवर झोपला होता.

सगळे सोडून द्यावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. सासूबाईंच्या हातचे अनारसे, घरोघरी जाऊन गायिली जाणारी नाताळची गीते आणि गावातल्या प्रत्येक घरी पाठवले जाणारे फराळाचे ताट हे सगळे मला हवे आहे. दिवाळीत ज्यांच्याकडून आपल्याला ताट येते, त्यांना नाताळात ताट न पाठवणे शोभणार नाही. परंतु यातले काय कमी करावे, आणि सासूबाईंचे मन न दुखवता ते कोणत्या शब्दांत सांगावे, हे ज्यांनी केले असेल त्यांनी कृपया सांगावे.

चुलीवरची | २ डिसेंबर

मी वर्धा जिल्ह्यातली आहे. तीन सुना आल्या आणि सात नातवंडे झाली, तेव्हा मलाही हे कळले, त्यामुळे सासूच्या बाजूनेही दोन शब्द सांगते.

फराळ कमी करू नये; त्याचे प्रकार कमी करावेत. ताटात सात पदार्थ असले काय आणि चार असले काय, शेजारीण पदार्थ मोजत नाही, ताट आले की नाही एवढेच पाहते. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि पीठ पुढे बरेच दिवस टिकते, म्हणून ते काम सासूबाईंकडेच राहू द्यावे आणि त्यांनी ते पुढच्याच आठवड्यात सुरू करावे. शंकरपाळे, शेव आणि चिवडा २० तारखेपूर्वी डब्यात गेले पाहिजेत. शंकरपाळ्यांची पोळी तुम्ही लाटावी आणि करंजीचे कातणे मुलांच्या हाती द्यावे. आकार वाकडेतिकडे येतील, तळल्यावर ते कोणाला दिसत नाहीत. ओल्या सारणाच्या करंज्या मात्र यंदा विसरा, कारण त्या आदल्या रात्रीच कराव्या लागतात आणि तुमचे नाटक त्यांनीच घालवले. नानखटाईचे साहित्य मोजून बेकरीत नेऊन द्यावे; पत्र्याच्या डब्यात भाजलेली नानखटाई संध्याकाळी घरी येते आणि भाजणावळ फार होत नाही.

सासूबाईंना "यंदा करंज्या करणार नाही" असे सांगू नका. "नातीचे नाटक आपण दोघींनी पुढच्या रांगेत बसून पाहायचे आहे, तर स्वयंपाकाचे कसे करू या?" असे विचारा. मला माझ्या मधल्या सुनेने असेच विचारले होते, आणि करंज्या बंद करण्याचे मीच सुचवले. तिची युक्ती मला दोन वर्षांनी कळली.

केकचे विचारले नाही, पण लेकरे मागतीलच. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल आणि लागेल तसे दूध एकत्र करून वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवावे. सध्या संत्री घरचीच असतील, तर दुधाऐवजी थोडा रस घालावा आणि सालीचा वरचा केशरी भाग किसून टाकावा. पांढरा भाग आला की केक कडू होतो. शेवटी एक चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर खायचा सोडा घालून लगेच डब्यात ओतावे. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून ती दहा मिनिटे तापवावी, त्यावर स्टँड ठेवून डबा ठेवावा आणि घट्ट झाकणाखाली मंद आचेवर पाऊण तास भाजावे. तेवढा वेळ मुले कढईसमोरून हलत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा आहे.

रात्रपाळी | ३ डिसेंबर

ताई, ओलिताचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून चोवीसच्या रात्रीची राखण आणि पाण्याची बारी त्याच्याकडे द्यावी आणि संक्रांतीला त्याची रात्र तुमच्या यजमानांनी करावी. आमच्या शिवारात दिवाळीला आणि ईदेला आम्ही हेच करतो. त्याआधी लाइनमनला विचारून आठवडा नक्की करून घ्या, कारण वेळापत्रक अधूनमधून बदलते आणि तुमचा हिशेब चुकलाही असेल. हरभऱ्याला पाणी दोन दिवस पुढेमागे झाले तर काही बिघडत नाही. फक्त फुलांच्या आणि घाटे भरण्याच्या वेळी मोठी ओढ बसू देऊ नये.

आणखी एक सुचवतो. पाहुणे आठ दिवस आहेत, म्हणजे सोळा जेवणे झाली. त्यातले एक जेवण शेतात रोडग्यांचे ठेवा. गोवऱ्यांचा जगरा (विस्तव), त्यात भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची भाजी हे काम आमच्याकडे पुरुषच करतात आणि बायांनी फक्त जेवायला यायचे असते. नागपूरची मुले तुरीच्या शेंगा तोडून जागेवरच सोले (हिरवे दाणे) खातील, तेव्हा त्यांना त्या प्लास्टिकच्या झाडाची आठवणही येणार नाही. शनिवारी, २७ तारखेला, शाळा लवकर सुटल्यावर ठेवले तर तुमच्या मुलीलाही येता येईल.

शब्बाथ शाळेची ताई | ३ डिसेंबर

मी वीस वर्षांपासून मुलांची नाटिका बसवते आणि दर वर्षी दोन-तीन आया अशाच उपासना संपताच निघून जाताना पाहते, म्हणून हा धागा वाचून राहवले नाही. पहिली गोष्ट अशी, की शिक्षिकेशी किंवा पाळकसाहेबांशी आजच बोला आणि नाटिका उपासनेच्या शेवटी न ठेवता आरंभी, पहिल्या गीतानंतर ठेवण्याची विनंती करा. आमच्या चर्चच्या मंडळीत तसा बदल केल्यापासून लहान मुले पेंगत नाहीत आणि त्यांच्या कपड्यांची जरही नाटिका होईपर्यंत जागेवर राहते.

मध्यरात्रीच्या उपासनेला सर्वांनी जाणे आवश्यक नाही. यजमान मोकळे झाले, तर त्यांनी मुलीला आणि पुतण्यांना रिक्षाने न्यावे. धाकट्यासाठी संध्याकाळी सात वाजता घरीच दिवे मालवून, कंदील लावून लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचावा आणि दोन गीते म्हणावीत. पाच वर्षांच्या मुलाला तेवढे पुरते.

झाडासाठी पैसे खर्च करू नका. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर असेलच. त्याच्या बांबूच्या कामट्यांवर नवा कागद लावला की तारा तयार होतो. खरी मौज गव्हाणीत आहे. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून गव्हाणीचा देखावा मांडला होता. तुमच्या अंगणात तर गोठा आधीपासूनच आहे. गेल्या वर्षीच्या तुराट्यांचे छप्पर करा, काळ्या मातीची माणसे करा आणि बैल म्हणून तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ठेवा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार परवाच, ३० तारखेला झाला. उरलेल्या तीन रविवारी, म्हणजे ७, १४ आणि २१ तारखेला, एकेक भाग मुलांनी मांडावा. मागी लोकांना, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला, धान्याच्या कोठीवर ठेवावे आणि रोज एक वीत पुढे सरकवावे. ते ६ जानेवारीला पोहोचतात, त्यामुळे पाहुणे गेल्यावर जी उदासी येते, ती धाकट्याला फारशी जाणवत नाही. ते तीनच करावेत असे बंधन नाही. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात त्यांची संख्या दिलेली नाही, त्यामुळे चार मुलांनी चार करावेत. बर्फ म्हणून घरचा कापूस पसरायला हरकत नाही, पण त्या दिवशी जवळपास मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको. हे मी आमच्या मंडळीतल्या जळालेल्या छपरावरून सांगते आहे.

भेटवस्तूंसाठी चौघा मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, प्रत्येकाने एकाला पन्नास रुपयांच्या आतली किंवा स्वतः केलेली वस्तू गुपचूप द्यावी, आणि हा नियम जाऊबाईंना फोनवर आधीच सांगावा, म्हणजे त्या बॅगा भरून आणणार नाहीत. सांताक्लॉजच्या मागे चौथ्या शतकातले मायरा नगराचे बिशप संत निकोलस आहेत, आणि त्यांचा सण येत्या शनिवारी, ६ डिसेंबरला आहे. ते गुपचूप देत असत अशी परंपरा सांगते. मुलीला ही गोष्ट सांगा आणि यंदा भावासाठी गुपचूप देणारी तूच हो, असे म्हणा. ज्याच्या हाती गुपित सांभाळण्याचे काम येते, तो ते फोडत नाही.

संत्रा बर्फी | ४ डिसेंबर

माझे मत थोडे वेगळे आहे. जाऊबाई कामाला हात लावतात असे तुम्हीच लिहिले आहे, मग पंचवीसच्या दुपारचे जेवण संपूर्णपणे त्यांच्याकडेच का देत नाही? पाहुणीला काम सांगायचे नाही, हा संकोच आपल्याकडे फार आहे, आणि त्यापायी घरची बाई राबत राहते. पुऱ्या तर मुळीच नकोत. मटणाचा रस्सा आदल्या संध्याकाळी करून, उकळून, गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा, सकाळी पुन्हा चांगला उकळावा आणि भात ऐनवेळी लावावा.

पऱ्हाटी | ९ डिसेंबर

सर्वांचे मनापासून आभार. काय ठरले ते सांगते. लाइनमनला विचारले, तर माझा हिशेब खरोखरच चुकलेला निघाला. नाताळच्या आठवड्यात आमची पाळी दिवसाची आहे, त्यामुळे रात्रीचा प्रश्न आपोआप सुटला. जाऊबाईंना जेवणाचे विचारण्याचा धीर मला झाला नव्हता, परंतु चिठ्ठ्यांविषयी फोन केला तेव्हा त्यांनीच "पुऱ्या नको करू, मी येऊन बिर्याणी करते" असे सांगितले. सासूबाईंना चुलीवरचीताईंच्या शब्दांत विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "करंज्या पंचवीसच करू, ताटापुरत्या." म्हणजे करंज्या पूर्ण गेल्या नाहीत, पण सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या असल्याने त्या २२ तारखेलाच होतील. नाटिका आरंभी घेण्याविषयी पाळकसाहेब मंडळीच्या बैठकीत विचारणार आहेत. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. ट्रॅक्टरचा विषय तसाच आहे. मुलगी सध्या काड्यापेटीच्या डब्या आणि बाटल्यांची झाकणे जमवते आहे, आणि मी काही विचारत नाही.

रविवारी केक करून पाहिला. मधोमध थोडा बसला, तरी संपला. एकच विचारायचे राहिले: कढईतले मीठ करड्या रंगाचे झाले आहे. ते टाकून द्यावे का?

चुलीवरची | ९ डिसेंबर

टाकू नका. थंड झाल्यावर वेगळ्या डब्यात भरून ठेवा, पुढच्या केकला तेच चालते; फक्त भाजीत घालू नका. केक मधोमध बसला, म्हणजे तुम्ही झाकण लवकर उघडून पाहिले असणार. पहिली पस्तीस मिनिटे झाकणाला हात लावायचा नाही, लेकरांनी कितीही आग्रह केला तरी.