क्वांटमचं मायनर: भाचीला घेऊ द्यावं का?

खाडीपलीकडे
भाची आमच्याच जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) सेकंड इयरला आहे. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, डिसेंबर 2024 मध्ये क्वांटम टेक्नॉलॉजीच्या मायनरचा (मुख्य शाखेसोबतच्या जोडविषयाचा) अभ्यासक्रम काढला, किमान 18 क्रेडिटचा. तो आता तिच्या कॉलेजात येतोय म्हणे, आणि पोरगी हट्टाला पेटलीय.

माझं मत: नको. लॅबमध्ये सहा जणांत एक ऑसिलोस्कोप, त्याचाही प्रोब हाताने दाबून धरला नाही तर सिग्नल जातो. मॅट्रिक्सचं प्रकरण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकलं. तिथे क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, कोण शिकवणार? राष्ट्रीय क्वांटम मिशन 6,003 कोटींचं, पण चारही केंद्रं बंगळुरू, चेन्नई, मुंबई, दिल्लीत. एकही कशेडी घाट उतरून कोकणात आलेलं नाही.

बर्फवाला
दादा, मी आधी रत्नागिरीत मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात होतो, आता पुण्यात व्हॅक्युम पंपांची कामं करतो. अमोनिया कुठून गळतोय ते बघायला आम्ही गंधकाची कांडी पेटवून जॉइंटभोवती फिरवायचो. पांढरा धूर दाट झाला की तिथे चोर. आता हेलियम फवारतो आणि पलीकडे मशीन सांगतं, आत शिरला की नाही. सुपरकंडक्टिंग क्युबिटची चिप ज्या फ्रीजमध्ये बसते, तो 1 केल्विनच्या शंभराव्या भागापर्यंत उतरतो. तिथे केसाएवढी गळतीसुद्धा चालत नाही. क्वांटम म्हटलं की सगळे पीएचडीच डोळ्यांसमोर आणतात. अहो, पंप कोण लावणार? घेऊ दे तिला.

खाडीपलीकडे
हे पटलं. पण मग ही माझीच बाजू झाली ना! पंप लावायला 18 क्रेडिटचं मायनर कशाला? रेफ्रिजरेशनचं चांगलं प्रशिक्षण द्या की.

तळकोकणी
मोहर येवच्या आधीच पेटये मोजूक बसलास मगे? पाच वर्षांपूर्वी ब्लॉकचेन होता, आता ह्या.

फिजिक्सवाली
मी डिग्री कॉलेजात शिकवते. लॅब नाही हे रडगाणं मला अर्धंच मान्य. तीन पोलरॉइड पट्ट्या आणि टॉर्च घ्या. दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात धरल्या की अंधार. मधे तिसरी तिरकी, 45 अंशांत सरकवली की उजेड परत येतो! दरवर्षी वर्गात कुणीतरी पट्टी हिसकावून स्वतः करून बघतं. मोजणीने अवस्था बदलते, हे इथेच कळतं. 1984 च्या बेनेट-ब्रासार्ड पद्धतीत गुप्त किल्ली पाठवायचा पायाही हाच. बाकी सराव आयबीएमच्या क्लाउडवर, 2016 पासून खुला आहे.

मात्र मॅट्रिक्स कच्चं असेल तर यातलं काहीच टिकणार नाही. तिथे खाडीपलीकडे यांचं शंभर टक्के बरोबर.

कोअर_बँकिंग
नोकरीचं बोलताय म्हणून सांगतो. माझ्या कामात क्युबिट कुणी विचारत नाही, पण पुढे क्वांटम संगणक फोडू शकेल म्हणून जुनं एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करायची पद्धत) बदलायचं काम सुरू झालंय. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये त्यासाठी नवी तीन मानकं काढली. त्याला फ्रीज लागत नाही, गणित आणि कोडिंग लागतं. रत्नागिरीत बसूनही शिकता येईल.

खाडीपलीकडे
फिजिक्सवाली ताई, तुमच्यासारखं कुणी असतं तर प्रश्नच नव्हता. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. उद्या कॉलेजात जाऊन एवढंच विचारतो, लिनिअर अल्जेब्राला, म्हणजे त्या मॅट्रिक्सच्या गणिताला, माणूस कोण आहे. व्हिजिटिंग लेक्चरर म्हणाले तर फॉर्म माझ्या खिशात.

बर्फवाला
आणि फॉर्म खिशात ठेवलात तर भाचीला काय सांगाल?