दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला इंग्रजीतून जीवशास्त्र: मराठी संज्ञा सोडून द्याव्यात का?

अकरावीची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून झाले असून यंदा मी अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आहे. पेशी-विभाजनाच्या घटक चाचणीत मला 25 पैकी 9 गुण मिळाले. प्रकरण समजलेच नाही असे नाही. गुणसूत्रे मध्यावर येतात आणि मग त्यांचे अर्धे भाग विरुद्ध ध्रुवांकडे ओढले जातात, हे मला डोळ्यांसमोर दिसते. परंतु इंग्रजीतून उत्तर लिहायला बसले की मायटॉसिस आणि मायॉसिस यांची अदलाबदल होते, आणि मायॉसिसच्या पहिल्या पूर्वावस्थेतील पाच टप्प्यांची नावे कितीही घोकली तरी क्रमाने आठवत नाहीत. मैत्रिणी म्हणतात की मराठी संज्ञा डोक्यातून काढून टाक, नाहीतर धड ना हे, धड ना ते, अशी अवस्था होईल. मला पुढे नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची आहे. मी काय करावे?

निवृत्त शिक्षिका, जीवशास्त्र

मराठी मुळीच सोडू नकोस. तुझी अडचण ज्या दोन शब्दांपाशी आहे, त्यांची उकल मराठी संज्ञांमध्येच आहे. ग्रीक भाषेत मायटॉस म्हणजे धागा. म्हणून मायटॉसिसला आपण सूत्री विभाजन म्हणतो, आणि त्याच धाग्याला कण जोडला की मायटोकॉन्ड्रिया, म्हणजेच तंतुकणिका. मायॉसिस म्हणजे घट, कमी होणे. म्हणून ते अर्धगुणसूत्री विभाजन, ज्यात माणसाची 46 गुणसूत्रे 23 होतात. ज्यांनी या संज्ञा घडवल्या त्यांनी मूळ शब्दाचा अर्थ जपून मराठीत आणला आहे, आणि तो अर्थ तुला दहावीपासून येतो.

आता ते पाच टप्पे. लेप्टोटीन म्हणजे बारीक धागा, कारण गुणसूत्रे तेव्हा नुकती दिसू लागलेली असतात. झायगोटीनमधील झायगॉन म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. हा ग्रीक शब्द, संस्कृतातील युग आणि आपले जू ही एकाच कुळातली भावंडे आहेत, आणि झायगोटला आपण युग्मनज म्हणतो तेही याच नात्याने. या टप्प्यात समजात गुणसूत्रे, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक आलेली सारखी गुणसूत्रे, एका जुवाखाली आल्यासारखी जोडीने उभी राहतात. पॅकिटीन म्हणजे जाड धागा. इथे जोडीतील गुणसूत्रे आपले तुकडे एकमेकांशी बदलतात. डिप्लोटीन म्हणजे दुहेरी, कारण जोड्या सुटू लागतात आणि अदलाबदलीच्या जागी फुलीसारखा सांधा दिसतो. शेवटच्या डायाकायनेसिसमध्ये हालचाल होऊन त्या फुल्या टोकांकडे सरकतात. बारीक धागा, जू, जाड धागा, दुहेरी, हालचाल: ही गुणसूत्रांचीच गोष्ट असल्यामुळे क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी, दुसरे वर्ष

मॅडमशी मी सहमत आहे, परंतु अर्थ मराठीतून कळला तरी उत्तरपत्रिकेवर शब्द इंग्रजीतूनच अचूक उतरवावा लागतो, आणि ती हाताची सवय स्वतंत्रपणे लावावी लागते. मीही मराठी माध्यमाचाच. मी प्रत्येक आकृती पुस्तक मिटून काढत असे, तिला आधी मराठीत नावे देत असे आणि लगेच त्याखाली इंग्रजीत. जिथे स्पेलिंग चुके तिथे ते पाच वेळा लिहीत असे. बारावीच्या बोर्डाला लेखी परीक्षा 70 गुणांची असते आणि तिथे नामनिर्देशित आकृतीवर बरेच गुण अवलंबून असतात.

नीटमध्ये 180 पैकी 90 प्रश्न, म्हणजे 720 पैकी 360 गुण, जीवशास्त्राचे असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. प्रश्नपत्रिका मराठीतही निवडता येते व तिच्यात इंग्रजी मजकूर सोबत असतो, मात्र दोहोंत तफावत आढळल्यास इंग्रजी ग्राह्य धरतात. त्यामुळे मराठी निवडली तरी एनसीईआरटीचे पुस्तक इंग्रजीतून वाचलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त शिक्षिका, जीवशास्त्र

आणखी एक सुचवते. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर कांदा असा ठेव की त्याचा बुडखा पाण्याला टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे फुटतील. ती सकाळी महाविद्यालयात नेऊन प्रात्यक्षिकाच्या शिक्षकांना विनंती कर. मुळाच्या अगदी टोकाचे दोन-तीन मिलिमीटरच घ्यायचे, कारण विभाजन तिथेच चालू असते.

अकरावीची विद्यार्थिनी

मॅडम, दादा, दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज दहा दिवसांनी लिहीत आहे. सरांनी ॲसिटोकार्मिनने मूळ रंगवून दिले, काचपट्टीवर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायला लावले आणि सूक्ष्मदर्शकाखाली गडद लालसर धागे खरोखरच दिसले. एका पेशीत ते दोन्ही ध्रुवांकडे निघालेले होते. मात्र बहुतेक पेशींमध्ये नुसते गोल केंद्रक होते. माझे काही चुकले का?

निवृत्त शिक्षिका, जीवशास्त्र

काही चुकलेले नाही. पेशी आपला बहुतांश काळ आंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेत असते. मानवी पेशीचे चक्र साधारण 24 तासांचे धरले तर प्रत्यक्ष विभाजन सुमारे एका तासाचे असते. म्हणून शंभर पेशी पाहिल्या तर विभाजन होत असलेल्या थोड्याच सापडतात. आता त्याच पट्टीवर प्रत्येक अवस्थेतील पेशी मोजून पाहा. कोणती अवस्था किती काळ चालते, याचा अंदाज तुला त्या आकड्यांवरून बांधता येईल.