मदत हवी आहे: डिस्नीसीमधल्या रंगवलेल्या खिडक्या बाबांना दाखवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येतायत. आम्ही निशिकासाईला राहतो, म्हणजे टोकियो डिस्नीसी आम्हाला अगदीच जवळ. बसने कासाई-रिंकाई-कोएन स्टेशन, तिथून केइयो लाइनने एकच स्टेशन, की माइहामा. राइड्सची, तिकिटांची, रांगांची माहिती सगळीकडे मिळते. मला हवी आहे ती जरा वेगळी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांनी चाळीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवले. महाल, रस्ता, जंगल, देऊळ. गावोगावच्या जत्रांतली नाटकं, हौशी मंडळं, शाळांची गॅदरिंग. सरस उकळायला ठेवायचा, त्यात पावडरचा रंग कालवायचा आणि अंगणात जमिनीवर कापड पसरून उभ्यानेच लांब काठीच्या ब्रशने रंगवायचं. मी डबे धरायचे. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनीसुद्धा सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवले होते, हे बाबा प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. फ्लेक्स आला आणि काम थांबलं. आता गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही लेकीला डिस्नीसीला नेलं होतं. आत शिरल्यावर जे इटालियन बंदर लागतं, मेडिटेरेनियन हार्बर, तिथे तिचा एक फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पिवळट भिंत, हिरव्या झडपांच्या तीन खिडक्या, खाली ती हात पसरून उभी. रात्री बाबांचा व्हिडिओ कॉल.

"अगं, पोरीच्या मागची मधली खिडकी रंगवलीया."

मी म्हटलं, नाही हो बाबा, खरी आहे, मी तिथेच उभी होते.

"पोरीची सावली बघ कुठल्या अंगाला पडलीया. आणि झडपेची बघ."

फोटो मोठा करून पाहिला. लेकीची सावली डावीकडे, मधल्या झडपेची उजवीकडे. मी पाच फुटांवर उभी राहून फसले होते आणि बाबांनी पावणेसात हजार किलोमीटरवरून, हाताएवढ्या स्क्रीनवर पकडलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या बंदराभोवतीच्या भिंतींवर अशा कितीतरी खिडक्या, कोनाडे, कमानी, दगडी चौकटी नुसत्या रंगाने उभ्या केल्या आहेत. इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्यावर घरं अशीच रंगवतात, तीच पद्धत इथे आणली. बंदरावरची ती अख्खी इमारत म्हणजे मिराकोस्टा हॉटेल. तिच्या खऱ्या खिडक्यांमागे पाहुणे राहतात आणि शेजारीच खोट्या खिडक्या आहेत.

तर माझे प्रश्न:

रंगवलेली सावली आणि खरी सावली कोणत्या वेळी जुळते? बाबांचा हा पहिला प्रश्न आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. सकाळी जावं की दुपारी?

बंदराखेरीज आणखी कुठे असं हाताचं काम बघायला मिळेल? प्रॉमिथियस डोंगर मी दाखवणारच आहे. 51 मीटरचा ज्वालामुखी माणसांनी रचलाय, आणि तोही समुद्रात भर टाकून केलेल्या जमिनीवर, हे त्यांना सांगायचंय. पण त्यांना जवळून न्याहाळता येईल असं हवंय.

कमी चालून एका दिवसात काय काय होईल? लेक 114 सेंटीमीटर आहे. आईला राइड्स नकोत, तिला फक्त बोटीत बसायचंय.

हे मला नुसतं सहल म्हणून नकोय. बाबांनी रंगवलेला एकही पडदा आज शिल्लक नाही. काही पावसात गेले, काही मंडळांनी धुऊन कनातीला वापरले. अशा कामाला कुठेतरी जपतात, रंग उडाला की पुन्हा रंगवतात, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं असं फार वाटतं.

---

प्रतिसाद:

ताई, मी बरीच वर्षं चिबात राहतो आणि डिस्नीसीचा वार्षिक पास होता तेव्हा महिन्यातून दोनदा जायचो. जमेल तसं सांगतो.

सावलीचं म्हणाल तर भिंती सगळ्या दिशांना तोंड करून आहेत, तेव्हा एकच वेळ सगळ्यांना लागू पडणार नाही. माझा अनुभव असा की ढगाळ दिवस सर्वांत चांगला. खरी सावलीच पडत नाही, मग रंगवलेली बिनबोभाट खरी वाटते. लख्ख ऊन असेल तर एकच भिंत निवडा आणि सकाळी, दुपारी अशी दोनदा बघा. नोव्हेंबरात इथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. दिवे लागले की खऱ्या खिडक्यांत उजेड येतो, रंगवलेल्या तशाच राहतात, आणि इतका वेळ कोण कोणाला फसवत होतं ते कळतं. तेवढा वेळ थांबाच.

आईंसाठी व्हेनिसच्या गोंडोला आहेत, त्याच बंदराला लागून असलेल्या कालव्यात. वल्हवणारे गातात. पायरी उतरून बोटीत बसावं लागतं, तेव्हा बाबांना हात द्या. आणि कालव्याच्या काठावर जेवायचं एक ठिकाण आहे ते चुकवू नका: रिस्तोरान्ते दि कानालेत्तो. पिझ्झा-पास्ता मिळतो, पण मी नावासाठी सांगतोय. कानालेत्तो हा अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार, शहराची हुबेहूब दृश्यं काढणारा. त्याचे वडील बर्नार्दो कनाल नाटकांचे पडदे रंगवायचे. हा मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला. 1719 मध्ये दोघं बापलेक रोमला गेले ते ऑपेराचे पडदे रंगवायला. तिथून पुढे मुलगा शहरदृश्यांकडे वळला. 'कानालेत्तो' म्हणजेच 'धाकटा कनाल'. तुमची पोस्ट वाचताना हेच डोक्यात आलं.

---

प्रतिसाद:

वरच्यांनी छान सांगितलंय, मी फक्त भर घालते. प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते. संकोच करू नका, बाबा चालू शकत असले तरी घ्या, कारण बंदराला वळसा घालतानाच दमायला होतं. 3 आणि 23 नोव्हेंबरला सुट्ट्या असतात, त्या आणि शनिवार-रविवार टाळा.

पाण्यापलीकडे किल्ला आहे, तिथे रांग नसते आणि निम्मे लोक जातच नाहीत. ग्रहांच्या दालनात हँडल फिरवलं की पितळी ग्रह फिरतात, लेकीला आवडेल. पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही आहे. मात्र जिने आहेत.

बाबांना करामत बघायची असेल तर ज्वालामुखीच्या पोटातली '20,000 लीग्स अंडर द सी' ही राइड घ्या. पाणबुडीत बसून समुद्राच्या तळाशी गेल्यासारखं वाटतं, पण ती पाण्यात जातच नाही. खिडकीला दोन काचा आहेत, त्यांच्या मधल्या पाण्यात बुडबुडे सोडतात. बाकी सगळं कोरडं. आधी सांगू नका, ते ओळखतात का बघा! शेजारची 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' मात्र लेकीला मिळणार नाही, तिथे 117 सेंटीमीटर लागतात. तिच्यासाठी अरेबियन कोस्टची सिंदबादची बोट. आईसुद्धा त्यात निवांत बसतील. संथ बोट, दोन्ही बाजूंना हलणारे बाहुले, आणि सिंदबादबरोबर चंदू नावाचं वाघाचं पिल्लू.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दोघांचे मनापासून आभार. बर्नार्दो कनालबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. काल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हंजे पोराचं नाव हाटेलावर हाय. बापाचं कुठं हाय का?"

मी सांगितलं, पाटीवर तरी नाही. त्यांनी बर्नार्दोचं नाव दोनदा म्हणून घेतलं आणि आईला कागदावर लिहून ठेवायला सांगितलं.

मंगळवारची तिकिटं काढली आहेत. सकाळी उघडताच बंदरावरची एक भिंत धरून बसणार, दुपारी कानालेत्तोत कालव्याच्या बाजूचं टेबल मिळतंय का बघणार, आणि दिवे लागेपर्यंत परत त्याच भिंतीसमोर. पाणबुडीच्या काचांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. तिथल्या भिंतींचे जवळून काढलेले फोटो कोणाकडे असतील तर इथे टाका, बाबा म्हणतायत की येण्याआधी त्यांना ब्रश कुठल्या अंगाने फिरलाय ते बघायचंय.